थांबलेल्या यंत्राचा भार

भाऊबीज उलटली की गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची, अशी ती पाळीपाळीने भरते. लेकीजावयांना निरोप धाडले जातात, घरोघर पाहुणे उतरतात, दिवसा बाजार फुलतो आणि रात्री दंडार किंवा नाटक उभे राहते. सोयरिकीचे बोलणेही पुष्कळदा येथेच निघते. वडशाच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम याच सुमारास सुरू होतो. उशिरा रात्री उघडलेला पडदा पहाटेशिवाय पडत नाही आणि थंडीत अंगावर पांघरूण घेऊन बसलेला प्रेक्षकही उठत नाही. ही विश्रांती कोणत्याही सरकारी परिपत्रकाने दिलेली नाही. रोवणीपासून कापणीपर्यंत कंबर मोडून राबणाऱ्या माणसांनी ती स्वतःच आपल्या वर्षातून काढून ठेवली आहे.

परंतु याच दिवसांत धान कापून खळ्यावर येतो, आधारभूत खरेदीसाठी ऑनलाइन नोंदणीची धावपळ सुरू होते, सातबाऱ्याचे उतारे काढावे लागतात, आणि त्यातच कोणत्या तरी योजनेच्या पडताळणीची शेवटची तारीख जवळ आलेली असते. त्यामुळे प्रत्येक गावात एक माणूस असा असतो की ज्याला मंडई नसते. तो म्हणजे ग्रामपंचायतीतील संगणक परिचालक.

तंत्रज्ञान क्षेत्रातील कामगार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिंजवडीच्या काचेच्या इमारती येतात. सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील ग्रामपंचायतीच्या एका खोलीत, टेबलावर एक संगणक, एक छपाई यंत्र, एक अंगठा घेणारे उपकरण आणि कोपऱ्यात धापा टाकणारा इन्व्हर्टर घेऊन बसलेला पदवीधर तरुण आपल्याला या वर्गात धरावासा वाटत नाही. वस्तुतः १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात, साडेपाचशेच्या आसपास ग्रामपंचायतींच्या पसाऱ्यात, राज्ययंत्रणेचे सारे आधुनिकत्व ज्याच्या दोन हातांवर उभे आहे तो कामगार हाच. जन्ममृत्यूचे दाखले, घरपट्टीच्या नोंदी, पंचायतीचे जमाखर्च, घरकुलांच्या याद्या, शासनाने आज काढलेल्या आणि उद्या बदललेल्या योजनांचे अर्ज, हे सर्व तो यंत्रात भरतो. त्याच्या दिवसाविषयी आणि त्याच्या सुट्टीविषयी थोडे तपशिलात बोलण्याची वेळ आली आहे.

या कामगाराचा जन्म २०११ साली ‘संग्राम’ या योजनेतून झाला. संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र असा त्या नावाचा विस्तार. प्रत्येक पंचायतीत संगणक आणि तो चालविणारा तरुण, ही कल्पना चांगलीच होती. २०१५ च्या अखेरीस ती योजना संपली, पुढे २०१६ च्या शासननिर्णयाने ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आले. माणसे पुष्कळ ठिकाणी तीच राहिली. पाटी बदलली आणि मधली यंत्रणा बदलली. ग्रामपंचायत आपल्या वित्त आयोगाच्या निधीतून दरमहा बारा हजारांच्या वर रक्कम त्या यंत्रणेकडे भरणार आणि त्यातून परिचालकाच्या हाती सहा हजार पडणार, असा तो हिशेब होता. सहाचे पुढे सात झाले. २०२४ मध्ये दहा हजारांचा निर्णय झाला. दहा हजारांच्या निर्णयाचे स्वागत करताना हे विसरू नये की त्या रकमेला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. व्याख्यात्याला शाल आणि श्रीफळाबरोबर जे पाकीट दिले जाते त्यासाठी असलेला हा शब्द. तो सकाळी खोली उघडून संध्याकाळी बंद करणाऱ्या माणसाला लावला की किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, रजा, हे सर्व प्रश्न एका फटक्यात निकालात निघतात. भाषेनेही शोषण करता येते ते असे.

त्याचा मालक कोण, हा प्रश्न आणखी गमतीचा. सरपंच त्याला काम सांगतो, ग्रामसेवक सांगतो, पंचायत समितीतून दूरध्वनी येतो, जिल्हा परिषदेच्या समूहात रात्री अकरा वाजता संदेश पडतो की उद्या दुपारपर्यंत माहिती न आल्यास जबाबदारी आपली राहील. सांगणारे चार आणि पैसे देणारा पाचवा. मानधन तीन-तीन महिने थकले की मात्र या पाचांपैकी प्रत्येक जण उरलेल्या चौघांकडे बोट दाखवतो. राज्यभरातले हे वीसेक हजार परिचालक म्हणूनच वर्षानुवर्षे एकच मागणी करीत आले आहेत, की यावलकर समितीने शिफारस केल्याप्रमाणे आम्हांला पंचायतीच्या आकृतिबंधात घ्या, ग्रामपंचायत कर्मचारी म्हणा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर त्यांचे मोर्चे अनेकदा गेले, २०२३ मध्येही गेले. आश्वासने मिळाली. असो.

आमचा आजचा विषय मानधनाहून थोडा निराळा आहे. तो वेळेचा आहे.

‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य आता मराठीत इतके रुळले आहे की त्याला परके म्हणवत नाही. पाऊस नाही, वीज नाही, तसा सर्व्हर नाही. तो कोठे असतो हे कुणाला ठाऊक नसते. त्याला अर्ज करता येत नाही, निवेदन देता येत नाही, घेराव तर मुळीच घालता येत नाही. खोलीत मात्र पंधरा माणसे बसलेली असतात. कुणी मजुरी पाडून आलेली बाई असते, कुणी तीन कोस चालत आलेला म्हातारा. रोवणीच्या चिखलात आणि विडीच्या पानांवर घासून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत, त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. मग हात धुवा, पुसा, पुन्हा लावा. रस्त्याच्या खोदकामात तार तुटली म्हणून पंचायतीला दिलेली जोडणी बंद असते. परिचालक आपल्या खिशातला मोबाइल काढून त्याच्या पैशाने यंत्राला इंटरनेट पुरवतो. अर्ज शेवटच्या पानापर्यंत पोहोचतो, चक्र फिरत राहते, आणि पडदा पुन्हा पहिल्या पानावर येतो. अर्ध्या तासाचे काम शून्य झालेले असते. पंधरा माणसांचा रोष कुणावर निघणार? सर्व्हर तर दिसत नाही. दिसतो तो परिचालक.

दिवसा चालत नाही म्हणून मग रात्री चालवायचे. २०२४ च्या उन्हाळ्याअखेरीस ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली तेव्हा राज्यभर हेच झाले. गर्दी ओसरल्यावर, मध्यरात्रीनंतर अर्ज पुढे सरकतात हे अनुभवाने कळले आणि अंगणवाडी सेविका, आशा, परिचालक रात्री जागून अर्ज भरू लागले. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच योजनेच्या लाभार्थींची आधार पडताळणी सुरू झाली, तेव्हा मोबाइलवर येणारा सांकेतिक अंक येईचना. मुदत नोव्हेंबरापर्यंत होती, ती डिसेंबरअखेरीस नेली. धानाच्या नोंदणीचेही जवळजवळ दरसाल असेच होते. मुदत संपत येते, नोंदणी अर्धवट असते, लोकप्रतिनिधी निवेदने देतात, मुदत वाढते.

या मुदतवाढीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. यंत्रणा चालली नाही ही शासनाने दिलेली ती कबुली असते. शासन स्वतःलाच महिनाभराची सवलत देते. परंतु न चाललेल्या यंत्रासमोर परिचालकाने घालविलेले तास, त्या बाईची पडलेली मजुरी, म्हाताऱ्याचे तीन वेळचे हेलपाटे, यांची परतफेड कोणत्याही मुदतवाढीत नसते. यंत्रणेचा दोष कागदावरून पुसला जातो आणि त्याची किंमत माणसांच्या आयुष्यातून वळती होते. ही वसुली इतक्या थेंबाथेंबाने चालते की तिला वसुली म्हणून कुणी ओळखतही नाही.

गोंदियाला ती ओळखता यायला हवी. भातगिरण्या आणि विडी यांच्यावर हे शहर वाढले. टेंभुर्णीचे पान जंगलातून येई, तंबाखू कारखानदार देई, आणि घरोघर बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत. मजुरी हजारावर. संध्याकाळी तो माल मोजून द्यायला गेले की काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जात. पान खराब कारखानदाराने दिले असो, तंबाखू ओली त्याचीच असो, छाटीचे पैसे वळणारीला मिळत नसत. पुष्कळदा छाट म्हणून काढलेल्या विड्या परतही मिळत नसत. किती छाट काढावी याला धरबंध नव्हता. या एका शब्दाविरुद्ध विडी कामगारांच्या संघटना वर्षानुवर्षे लढल्या. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात छाटीच्या तंट्यांची दखल घेतली गेली आणि त्याखालील नियमांनी तिला मर्यादा घातली. आता शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आलेला तो अर्ज पाहा. काम झाले होते, कामगाराचा वेळ गेला होता, आणि कच्च्या मालातल्या दोषामुळे ते काम मोजले गेले नाही. हीच छाट आहे. फरक एवढाच की पूर्वी छाट काढणारा मुनीम समोर बसलेला असे, त्याच्याशी भांडता येई.

दुसरे साम्य आणखी खोल आहे. विडीचे काम घरात चाले, म्हणून त्याला वेळ नसे. चुलीवर भात शिजत असताना, मूल मांडीवर असताना, पाहुणा बोलत असताना हात चालूच. काम कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते ही रेषाच नव्हती, आणि रेषा नव्हती म्हणून त्या कामाचे तास कुणी मोजले नाहीत. आजच्या परिचालकाच्या हातातला मोबाइल हे त्या सुपाचेच नवे रूप आहे. त्यावर काम येते, त्यावरच वरिष्ठांचा दम येतो, आणि करमणूकही त्यावरच. दंडारीला जायला मिळाले नाही तर तिचे दोन मिनिटांचे चित्रण तो त्याच काचेवर पाहतो, आणि पाहता पाहता वरून संदेश उतरतो. विश्रांतीचे साधन आणि वेठीचे साधन एकच झाल्यावर विश्रांतीचे काय उरते, याचा विचार ज्यांनी कामगार कायदे केले त्यांना करावा लागला नव्हता. आपल्याला करावा लागेल.

मात्र ज्यांनी ते कायदे केले त्यांनी एका प्रश्नाचा विचार केला होता, आणि तो आज विसरला गेला आहे. कारखान्यात यंत्र मोडले, कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, म्हणून काम देता आले नाही, तर त्या दिवसाचा भार कुणी सोसायचा? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती झाली आणि तिने उत्तर दिले: कामगार ठरल्या वेळी दारात हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम दिले गेले नाही, तर ती ले-ऑफ समजावी आणि त्याला मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळावी. निम्मीच का, पूर्ण का नाही, हा वाद तेव्हाही होता. तथापि तत्त्व मान्य झाले की यंत्र मालकाचे आहे, म्हणून ते बंद पडण्याची जोखीमही निदान काही अंशी त्याची आहे. हे तत्त्व २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पण ते पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी, खाणींसाठी, मळ्यांसाठी. गावच्या पंचायतीतला एकटा परिचालक त्यात कोठेच बसत नाही. गिरणीच्या भोंग्यापाशी जे कळले होते ते सर्व्हरच्या दारात विसरले गेले.

याच जिल्ह्यातून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूर, भुसावळ, मनमाड, पुणे करीत कोल्हापूरला जाते. गोंदियाच्या भातशेतीतून शिकून बाहेर पडलेली मुले तिच्यातूनच पुण्याला उतरतात आणि हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारतींत शिरतात. त्यांचा पगार परिचालकाच्या कितीतरी पट असतो, आणि दोघांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण दिवाळीत घरी आलेला हा मुलगा अंगणात खाट टाकून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतो, कारण अमेरिकेतला दिवस त्याच्या रात्री उजाडतो. मंडईतून बहिणीच्या हाका येत असतात आणि तो कानाला यंत्र लावून परक्या भाषेत हो म्हणत असतो. २०२० च्या टाळेबंदीत घर हेच कार्यालय झाले आणि टाळेबंदी उठली तरी पुष्कळांच्या घरातून कार्यालय उठले नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास कामाचा उपदेश केला; २०२५ च्या आरंभी लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन ९० तासांवर आणि रविवारवर आले. त्यांच्या विधानांची चेष्टा पुष्कळ झाली. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ आणि मोठ्या दुकान-आस्थापनांतील ९ वरून १० करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्या चेष्टेतला जोर कोठे गेला होता?

हे महाराष्ट्रात व्हावे हे विशेष. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जे मागणे मांडले त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्धा तास विश्रांती होती, आणि काम सूर्यास्ताला थांबावे अशी मागणी होती. रविवार मिळायला १८९० उजाडले. आठवड्याला ४८ तास ही मर्यादा कायद्यात आणणारी दुरुस्ती १९४६ ची. तिच्या मागे मजूर खात्याचे मंत्री म्हणून डॉ. आंबेडकरांचे चार वर्षांचे काम होते. आपल्या तंत्रज्ञ तरुणांना ज्या साप्ताहिक सुट्टीचा अभिमान वाटतो ती कोणत्याही कंपनीच्या उदारतेतून आलेली नाही. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याच्या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या डिसेंबरात मांडले. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून कायद्याने आहे. खासगी विधेयकांचे आपल्याकडे काय होते हे वाचक जाणतात. तरी चर्चा सुरू झाली हे चांगले. तिच्यात एक उणीव मात्र राहते: साहेबाचा दूरध्वनी न उचलण्याचा हक्क त्यालाच उपयोगी, ज्याचा साहेब ठाऊक आहे. परिचालकाला रात्री जागवणारा साहेब नसून मध्यरात्री मोकळा होणारा सर्व्हर आहे. त्याचा दूरध्वनी नाकारायचा कसा?

आता कुणी म्हणेल की हे सारे यंत्रविरोधाचे जुने रडगाणे आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील संगणकाला विरोध झाला, १९८३ मध्ये बँकांच्या संघटनांना संगणकीकरणाचा करार करावा लागला, आणि अखेर संगणक आलाच ना! आला, आणि त्याने चांगलेही केले. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तेव्हा तलाठ्याच्या सोयीची वाट पाहण्याचे दिवस संपायला लागले. विधवेच्या निवृत्तिवेतनातला मधला हात पुष्कळ प्रमाणात कापला गेला. हे नाकारणारा माणूस खेड्यात राहिलेला नाही. त्या काळच्या संघटनांना भीती होती की यंत्र माणसाचे काम खाईल. प्रत्यक्षात पंचायतीच्या त्या खोलीत निराळेच घडले. काम कमी झाले नाही, वाढले. नाहीसा झाला तो मालक. ज्याच्याशी करार करावा असा समोरचा पक्षच उरला नाही.

डॉ. लोहियांनी १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा विचार मांडला होता. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोघांनी एकच अवाढव्य यंत्रविद्या डोळे झाकून स्वीकारली आहे, आपल्यासारख्या देशाला माणसाच्या आटोक्यात राहणारे यंत्र हवे, असा त्याचा रोख होता. त्यांच्या अनुयायांनी तो विचार चरखा आणि घाणी यांच्यापुरता धरला आणि विरोधकांनी त्याची टिंगल केली. पण आज पाहावे तर मोबाइलएवढे लहान यंत्र दुसरे नाही, आणि माणसाच्या आटोक्याबाहेर इतके गेलेलेही दुसरे नाही. यंत्र लहान की मोठे यापेक्षा ते बिघडल्यावर दुरुस्त करण्याचा, निदान बिघडले असे लिहून ठेवण्याचा अधिकार ते वापरणाऱ्याला आहे की नाही, हा खरा प्रश्न. २०२१ च्या ऑगस्टात राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी तो आपल्या परीने सोडविला. पोषणाच्या नोंदीचे ॲप इंग्रजीत, हातातला सरकारी मोबाइल जुना आणि मंद; त्यांनी ते मोबाइल सरकारला परत केले. मोर्चे पुष्कळ निघतात, पण दिलेले यंत्र शांतपणे टेबलावर ठेवून परत जाण्यात जी समज आहे ती थोड्या मोर्च्यांत दिसते. त्या बायांनी यंत्र नाकारले नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच की चालणारे द्या आणि आमच्या भाषेत द्या.

तेव्हा मागायचे काय? परिचालकांना पंचायतीचे कर्मचारी म्हणून मान्यता आणि किमान वेतन ही मागणी तर आहेच. तिला आमचा पाठिंबा आहे आणि राज्य सरकारने ती आणखी लांबवू नये. पण तिच्याइतकीच महत्त्वाची आणि कमी खर्चाची गोष्ट अशी की यंत्रणा बंद असलेला वेळ हा कामाचा वेळ मानला जावा. कामगार हजर होता, यंत्र हजर नव्हते. रात्री काम करावे लागले तर ते जादा काम धरावे आणि त्याची भरपाई द्यावी. कोणतीही नवी योजना, नवे ॲप राज्यभर लागू करण्यापूर्वी ते मंत्रालयातल्या वातानुकूलित खोलीत चालवून पाहू नये. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव येथील जंगलातल्या एखाद्या पंचायतीत, भर पावसाळ्यात, तेथल्या परिचालकाच्या हातून आणि तेथल्या म्हातारीच्या अंगठ्यावर चालवून पाहावे. तेथे चालले तर पुण्यात चालेलच. शेवटची तारीख ठरवताना धानाची कापणी आणि मंडई कधी आहे हे जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारले, तर आकाश कोसळणार नाही.

यांतील पुष्कळ गोष्टींना मुंबईची, दिल्लीची संमती लागेल, आणि ती कधी मिळेल हे सांगता येत नाही. एका गोष्टीला ती लागत नाही. गोंदिया जिल्हा परिषदेने आपल्या सर्व पंचायतींना एक साधी नोंदवही ठेवायला सांगावे. आज यंत्रणा किती वाजता बंद पडली, किती वाजता सुरू झाली, तेवढ्यात किती माणसे परत गेली, कोणते काम वाया गेले आणि रात्री किती वेळ बसावे लागले, एवढे पाच रकाने. परिचालकाने लिहावे, ग्रामसेवकाने सही करावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा बसतात. तेथे ती वही मोठ्याने वाचावी आणि तिची प्रत ठरावासह पंचायत समितीला पाठवावी. वही विकत घ्यायला ग्रामपंचायतीचे पन्नास रुपये खर्ची पडतील, आणि ते लेखापरीक्षणात कुणी अमान्य करील असे वाटत नाही.